ड्रेनेजचा पिट आणि त्याचे पंप: सोसायटीच्या नव्या कमिटीसाठी

सोसायटीची निवडणूक झाली, कमिटी बदलली आणि तुमच्या वाट्याला 'ड्रेनेज' आलं असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. पिण्याच्या पाण्यावर मीटिंगमध्ये तासभर चर्चा होते. मैलापाण्याच्या पंपाबद्दल मात्र तो बंद पडेपर्यंत कोणी चकार शब्द काढत नाही. मग एका सकाळी बेसमेंटमध्ये पाणी दिसतं आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमच्या नावानं विचारणा सुरू होते.

सगळ्याच इमारतींना हा पंप लागत नाही. तुमची लाईन रस्त्यावरच्या महापालिकेच्या चेंबरपेक्षा उंच असेल तर मैलापाणी उतारानं आपोआप जातं. पण बेसमेंटमधली टॉयलेट, ड्रायव्हर-वॉचमनची बाथरूम, क्लब हाऊस, किंवा पुण्यातल्या कोंढवा, बावधन, धायरीसारख्या चढउताराच्या भागात रस्त्यापेक्षा खाली गेलेली मागची विंग, यांचं पाणी एका पिटमध्ये (जमिनीखालच्या टाकीत) गोळा करून पंपानं वर चढवावं लागतं. मोठ्या सोसायटीत ते आपल्याच एसटीपीच्या (मैलापाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पाच्या) पहिल्या टाकीत जातं. दोन्हीकडे पिट आणि पंपाची निगा सारखीच. गेटबाहेरची लाईन महापालिकेची, आतलं सगळं सोसायटीचं.

हे पंप सहसा अचानक मरत नाहीत, आधी बरेच दिवस खुणा देत असतात. पण सगळं ठीक असताना आकडे काय होते हेच कुठं लिहिलेलं नसल्यानं त्या खुणा कोणाला कळत नाहीत. म्हणून खालच्या पायऱ्यांपैकी चौथी कंटाळवाणी वाटली तरी सोडू नका.

१. आधी कागद गोळा करा

जुन्या कमिटीकडून, बिल्डरच्या ऑफिसातून किंवा सोसायटीच्या कपाटातून एवढं मिळवा:

- ड्रेनेज लेआउटचा नकाशा (कुठल्या विंगचं पाणी कुठल्या चेंबरमधून पिटमध्ये येतं)
- दोन्ही पंपांची (पिटमध्ये सहसा दोन असतात) बिलं, वॉरंटी कार्ड आणि माहितीपत्रक
- कंट्रोल पॅनलचा वायरिंग डायग्राम
- आजवरच्या रिवाइंडिंगची (जळालेल्या मोटारीत नवी तार भरण्याची) आणि दुरुस्तीची बिलं
- जनरेटरवर कुठकुठला लोड आहे त्याची यादी
- चालू एएमसीचा (वार्षिक देखभालीचा) करार
- सक्शन टँकरच्या पावत्या

नकाशा मिळाला तरी त्यावर आंधळा विश्वास नको. नकाशात पावसाचं पाणी वेगळ्या लाईनला असतं, प्रत्यक्षात टेरेसचा एखादा पाईप ड्रेनेजच्या चेंबरमध्येच सोडलेला निघतो. प्लंबरला सोबत घेऊन एकेका विंगेत बादलीभर रंगीत पाणी सोडा आणि ते कुठं निघतं ते बघा. मळाच्या रंगात उठून दिसेल असा रंग घ्या.

पंपांवरच्या नेमप्लेटचे फोटो आत्ताच काढता येणार नाहीत, कारण पंप पाण्याखाली आहेत. पहिल्यांदा वर काढाल तेव्हा काढून ठेवा. पुढे मोटार जळाली आणि प्लेट गंजून गेलेली असली की रिवाइंडिंगवाला अंदाजानं तार भरतो.

इमारत नवी असेल तर एक तारीख शोधा: ताबा कधी मिळाला? घरखरेदीदारांसाठीच्या रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला किंवा सेवांमधला दोष कळवला तर बिल्डरनं तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. पिट गळतोय, व्हेंट पाईपच (गॅस बाहेर नेणारा) नाही, दुसरा पंप कागदावर आहे आणि जागेवर नाही, हे सगळं लेखी कळवा. फोनवर बोलणं झालं एवढ्यावर समाधान मानू नका.

२. पिटमध्ये कोणीही उतरायचं नाही

ही पायरी दुसरी आहे, कारण पहिल्याच आठवड्यात कोणीतरी म्हणेल, "साहेब, माझा माणूस आहे, पाच मिनिटांत उतरून काढतो." नाही म्हणा.

साचलेल्या मैलापाण्यातून हायड्रोजन सल्फाईड आणि मिथेन तयार होतात. हायड्रोजन सल्फाईड हवेपेक्षा जड, त्यामुळे तो पिटच्या तळाशी बसतो. गाळ ढवळला की एकदम सुटतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचं प्रमाण शंभराच्या आसपास गेलं की काही मिनिटांत नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. "आता वास येत नाही, म्हणजे गॅस गेला" हा समज इथंच जीव घेतो. झाकण तासभर उघडं ठेवलं किंवा काडी पेटवून पाहिली म्हणजे तपासणी झाली असंही नाही. काडी पेटवणं तर मिथेनमुळे स्फोटाला बोलावणं आहे. हवेत ऑक्सिजन साधारण २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की जागा असुरक्षित, आणि हे यंत्राशिवाय कळत नाही.

२०२२ मध्ये आपल्याच भागात, लोणी काळभोरला आणि नंतर वाघोलीला, मैल्याच्या टाकीत उतरलेले कामगार गुदमरून गेले. अशा घटनांत बहुतेक वेळा एक आत पडतो आणि त्याला काढायला दुसरा, तिसरा उतरतो. कोणी आत पडलंच तर वरून हवा सोडा, १०१ वर अग्निशमन दलाला फोन करा आणि बाकीच्यांना अक्षरशः धरून ठेवा.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या. हातानं मैला साफ करण्याच्या कामाला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या केंद्रीय कायद्यात, गटार किंवा सेप्टिक टाकीची धोकादायक सफाई करून घेणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. पुन्हा केलं तर ५ वर्षं आणि ५ लाखांपर्यंत. मृत्यू झाला तर कुटुंबाला द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये १० लाख ठरवली होती, ती ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ३० लाख केली. "आम्ही कॉन्ट्रॅक्टरला काम दिलं होतं" म्हणून सोसायटी हात झटकू शकत नाही.

मग साफ कसं करायचं? सक्शन टँकर आणि जेटिंग मशीननं (पाण्याच्या जोरदार धारेनं लाईन मोकळी करणारं यंत्र), माणूस वर उभा राहून. पंप, फ्लोट (पाण्याच्या पातळीप्रमाणे पंप चालू-बंद करणारे तरंगते स्विच), जाळी हे सगळं वरून ओढून काढता आलं पाहिजे. येत नसेल तर सोसायटीचा पहिला खर्च त्यावरच करा, नव्या पंपावर नाही.

आणखी एक: तुंबलेलं उघडायला पिटमध्ये किंवा त्याला जोडलेल्या चेंबरमध्ये ॲसिड ओतू देऊ नका. ॲसिड आणि सल्फाईड भेटले की तोच विषारी गॅस भसकन बाहेर येतो. ॲसिडनंतर ब्लीचिंग पावडर टाकली तर क्लोरीन.

३. हाताशी काय हवं

टाँग टेस्टर (वायर न तोडता अँपिअर मोजणारा चिमटा), मोजपट्टी चिकटवलेली लांब काठी, टोकाला आकडा असलेला बांबू, भरपूर उजेडाचा टॉर्च, रबरी हातमोजे आणि गमबूट. झाकण उघडल्यावर भोवती लावायला साखळी किंवा बॅरिकेड, कारण पार्किंगमध्ये मुलं खेळत असतात. पॅनलला लावायला एक कुलूप आणि 'काम चालू आहे, स्विच लावू नये' अशी पाटी.

सुटे भाग म्हणून दोन फ्लोट, एक कॉन्टॅक्टर (पंपाची वीज जोडणारा-तोडणारा स्विच), एक ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की पंप बंद करणारा) आणि एक सिंगल फेज प्रिव्हेंटर (एखादी फेज गेली की पंप बंद करणारा) आणून ठेवा. तपकीर गल्लीत एका फेरीत सगळं मिळतं. साखळी, शॅकल वगैरे बोहरी आळीत. हे सामान दिवाळीच्या आधी घ्या. दिवाळीत लोड सगळ्यात जास्त आणि कारागीर गावाला गेलेले असतात.

४. चांगल्या दिवसाचे आकडे लिहून ठेवा

पंप व्यवस्थित चालत असताना, दोन्ही पंपांसाठी वेगवेगळे, पुढचे आकडे घ्या आणि पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा.

*अँपिअर.* तिन्ही फेजचे वेगळे. थ्री फेजवर ३ एचपीचा पंप साधारण ५ अँपिअरच्या आसपास आणि ५ एचपीचा ७ ते ८ घेतो, पण तुमच्यासाठी नेमप्लेटवरचा आकडाच खरा. तिन्ही फेजचे आकडे जवळपास सारखे हवेत.

*उपसा.* पिट २ मीटर लांब आणि १.५ मीटर रुंद असेल तर क्षेत्रफळ ३ चौरस मीटर, म्हणजे दर १० सेंटिमीटर पातळीला ३०० लिटर. दुपारी दोन-तीनच्या सुमारास, वापर कमी असताना (पुण्यात ही वेळ शोधावी लागत नाही) काठी लावून पातळी बघा, एकच पंप चालवा, ४ मिनिटांनी पुन्हा बघा. ४० सेंटिमीटर उतरली तर १,२०० लिटर गेले, म्हणजे मिनिटाला ३०० लिटर. त्या वेळात आत येणाऱ्या पाण्याचा हिशेब हवा असेल तर आधी पंप बंद ठेवून ४ मिनिटांत पातळी किती चढते ते मोजून त्यात मिळवा. माहितीपत्रकातला आकडा तेवढ्या उंचीला किती दाखवतो ते पडताळा. पुढे उपसा पाव भागानं घटला तर इम्पेलर (पंपातलं पाणी ढकलणारं फिरतं चक्र) झिजलाय, काहीतरी अडकलंय किंवा पाईपमध्ये थर बसलाय.

*तास.* पॅनलवर अवरमीटर (पंप किती तास चालला ते मोजणारा) नसेल तर बसवून घ्या. दोन्ही पंपांचे तास दर रविवारी लिहा. एरवी आठवड्याला जेवढे तास चालतात त्याच्या दीडपट चालले, आणि रहिवासी तेवढेच आहेत, तर कुठंतरी पाणी परत येतंय किंवा बाहेरचं पाणी शिरतंय.

*सुरू होण्याची संख्या.* सकाळी सातच्या गर्दीत तासाला किती वेळा पंप सुरू होतो ते मोजा. तासाला दहापेक्षा जास्त वेळा होत असेल तर उत्पादकाची मर्यादा तपासा. सुरू होताना मोटार कित्येक पट करंट ओढते आणि तिला थंड व्हायला वेळ मिळत नाही. बहुतेक वेळा दोष पंपाचा नसतो, फ्लोट फार जवळजवळ बांधलेले असतात.

उलट टोकही नको. पिट मोठा आहे म्हणून पाणी तासन्‌तास साठवून मग उपसायचं ठरवलं तर ते सडतं, वास आणि गॅस दोन्ही वाढतात. सरासरी आवक धरून अर्ध्या तासाच्या आत पाणी निघून जावं असा डिझाइनचा संकेत आहे.

५. फ्लोट: निम्म्या तक्रारींचं मूळ

पिटमध्ये नारळाएवढे प्लास्टिकचे फुगे वायरला लटकलेले दिसतील. पातळी चढली की फ्लोट आडवा होतो, आतला स्विच लागतो. सर्वसाधारण मांडणी चार फ्लोटची: सगळ्यात खालचा पंप बंद करणारा, त्यावरचा पहिला पंप चालू करणारा, तिसरा दुसरा पंपही जोडणारा, आणि सगळ्यात वरचा घंटा वाजवणारा.

खालचा फ्लोट फार खाली बांधला तर मोटार उघडी पडते. बहुतेक सबमर्सिबल मोटारी भोवतीच्या पाण्यानंच थंड होतात, त्यामुळे पाणी किती खाली गेलेलं चालेल हे माहितीपत्रकात बघून मगच फ्लोट बांधा.

घंटेच्या फ्लोटबाबत दोन गोष्टी हमखास चुकलेल्या असतात. घंटा पंप रूममध्ये लावलेली असते, जिथं ऐकायला कोणी नसतं. ती वॉचमनच्या केबिनमध्ये हवी. आणि घंटेला वीज पंपाच्याच पॅनलमधून असते, म्हणजे लाईट गेली की पंपही बंद आणि घंटाही मुकी. तिला बॅटरीवर चालणारी वेगळी सोय करा. खर्च किरकोळ आहे.

फ्लोट अडकण्याची कारणं ठरलेली: चरबीचा थर चढून जड होणं, वायर एकमेकांत गुंतणं, पंपाच्या साखळीत फसणं, आणि येणाऱ्या पाण्याच्या धारेखाली लटकवल्यामुळे सतत हलत राहणं. महिन्यातून एकदा वर ओढून पाण्याच्या फवाऱ्यानं धुवा. बांबूच्या आकड्यानं एकेक फ्लोट उचलून पंप लागतो का, घंटा वाजते का बघा. यासाठी वाकून हात घालायची गरज नाही.

आता सगळ्यात महागडा सापळा. फ्लोट अडकतो, पंप ऑटोवर लागत नाही, वॉचमन स्विच मॅन्युअलवर टाकतो. पाणी उतरतं, सगळे खूश. रात्रपाळीचा वॉचमन बदलतो, स्विच मॅन्युअलवरच राहतो, पंप कोरडा फिरत राहतो आणि सकाळी वाइंडिंग जळाल्याचा वास येतो. मॅन्युअलवर टाकायचं तर माणूस तिथं उभा हवा, हा नियम लिहून पॅनलवर लावा. जमलं तर इलेक्ट्रिशियनकडून मॅन्युअलच्या सर्किटमध्येही खालचा फ्लोट घालून घ्या.

६. ठरावीक कामं

रोज वॉचमननं: पॅनलवरचे दिवे, तिन्ही फेज आहेत का, ट्रिप झालाय का, पिटच्या झाकणाभोवती ओल आहे का. दोन मिनिटांचं काम.

दर आठवड्याला: अवरमीटरची नोंद, आणि ऑटो चेंजओव्हर (दोन्ही पंप आपोआप आलटूनपालटून लावणारी सोय) नसेल तर पंप बदलणं. 'स्टँडबाय' म्हणून महिनोन्‌महिने पाण्यात पडून राहिलेला पंप ऐन गरजेच्या वेळी जाम निघतो. दोघांनाही आलटूनपालटून कामाला लावा.

दर महिन्याला: फ्लोट धुणं, आत येणाऱ्या पाईपपाशी जाळीची बादली असेल तर ती ओढून रिकामी करणं, अर्थ लीकेजचं टेस्ट बटण दाबून बघणं, अँपिअर घेणं.

पॅनल पिटच्या शेजारीच, बंद खोलीत असेल तर आतले तांब्याचे भाग काळे पडलेले दिसतील. तो गॅसचाच परिणाम. कॉन्टॅक्टर वारंवार जात असतील तर ब्रँड बदलत बसण्यापेक्षा पॅनल बाहेर हलवा. वास येतो म्हणून पिटचा व्हेंट पाईप बूच मारून बंद केलेला असेल तर तो उघडा आणि टेरेसच्या वर न्या.

७. पंप वर काढणं

तीन महिन्यांतून एकदा, आणि पावसाळ्यापूर्वी हमखास. क्रम असा:

काढायच्या पंपाचा मेन स्विच बंद, कुलूप, पाटी. किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात. त्या पंपाचा डिलिव्हरी कॉक (पाणी बाहेर नेणाऱ्या पाईपवरचा) बंद करा. दुसरा पंप चालू राहू दे. ट्रायपॉड आणि चेन पुली लावून साखळीनं उचला. केबलला धरून कधीही ओढू नका: केबलच्या बुडाशी पाणी शिरतं आणि महिनाभरानं मोटार जळते, तेव्हा कारण कोणाला आठवत नाही. पंप गाईड पाईपवर बसवलेला असेल तर तो आपोआप सुटून वर येतो. पाईप थेट बोल्टनं जोडलेला असेल तर तो सोडवायला माणूस आत उतरवावा लागतो, म्हणजे ती रचना आधी बदला.

वर आला की धुवा आणि बघा. इम्पेलरभोवती काय गुंडाळलंय? हातमोज्यांनी काढा, आणि त्याचा फोटो नोटीस बोर्डावर लावायला हरकत नाही. इम्पेलर हातानं मोकळा फिरतो का? ऑइल चेंबरचा बोल्ट उघडून तेल बघा: स्वच्छ असेल तर ठीक, दुधाळ झालं असेल तर मेकॅनिकल सील (मोटारीत पाणी शिरू न देणारं) गेलंय. इथंच सील बदललं तर काम थोडक्यात भागतं. नाही बदललं तर पुढची पायरी म्हणजे मोटारीत पाणी आणि रिवाइंडिंग.

इलेक्ट्रिशियनकडून ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) इन्सुलेशन मोजून घ्या. १ मेगओहमच्या खाली असेल तर पंप परत सोडू नका. त्याच्या वर असला तरी दर वेळचा आकडा लिहा. ५० वरून १० आणि १० वरून ३ असा उतरत असेल तर पाणी कुठून तरी शिरतंय. केबलचा जोड पिटच्या आत, टेप गुंडाळलेला दिसला तर तो बाहेर जंक्शन बॉक्समध्ये न्या.

साखळी तपासायला विसरू नका. साधी लोखंडी साखळी या हवेत लवकर खाऊन जाते. स्टेनलेस स्टीलची घ्या.

८. पंप चालतोय, पाणी जात नाही

पहिल्यांदा टाँग टेस्टर.

अँपिअर नेहमीपेक्षा जास्त: इम्पेलरमध्ये चिंधी, पोछ्याचे दोरे किंवा सॅनिटरी पॅड अडकलंय, नाहीतर बेअरिंग गेलंय. ओव्हरलोड रिले ट्रिप होत असेल तर त्याचा आकडा वाढवून 'सोडवू' देऊ नका.

अँपिअर कमी: डिलिव्हरीचा कॉक बंद राहिलाय, नॉन रिटर्न वाल्व (पाणी परत येऊ न देणारा) अडकलाय, पुढे पाईप तुंबलाय, किंवा पंपात हवा अडकलीये. हवा अडकणं पिट पूर्ण रिकामा करून पुन्हा भरल्यावर नेहमी होतं. त्यासाठी वाल्वच्या अलीकडे पाईपला लहानसं भोक ठेवलेलं असतं. तिथून पाण्याची पिचकारी उडते म्हणून एखादा उत्साही प्लंबर ते बंद करतो.

तीन फेजचे आकडे वेगवेगळे: कॉन्टॅक्टरचा एखादा पॉइंट जळालाय, पुरवठ्यात गडबड आहे किंवा वाइंडिंग जातंय. फेज गेली की सिंगल फेज प्रिव्हेंटर पंप बंद करतो, आणि लोक वैतागून तोच बायपास करतात. पॅनल उघडून बघा, असा बायपास जुन्या पॅनलमध्ये सापडतो.

पंप बंद होताच पातळी झटकन परत चढते: नॉन रिटर्न वाल्व लागत नाहीये. तेच पाणी वर-खाली फिरत राहतं आणि वीजबिल तुम्ही भरता.

अँपिअर ठीक, आवाज मात्र वेगळा आणि उपसा निम्मा: पंप उलटा फिरतोय. रिवाइंडिंगनंतर किंवा महावितरणनं ट्रान्सफॉर्मर-केबलचं काम केल्यावर दोन फेज अदलाबदल होतात. उलटा फिरणारा पंपही थोडं पाणी फेकतोच, त्यामुळे संशय येत नाही. कोणतीही दोन टोकं बदलली की सरळ होतो, पण ते इलेक्ट्रिशियनकडूनच. केबलचं काम झाल्यावर चौथ्या पायरीतली उपशाची चाचणी एकदा घेतलीत तर हे लगेच कळेल.

पंप बदलायची वेळ आलीच तर दुकानदार स्वस्तातला डीवॉटरिंग पंप पुढे करेल. तो बांधकामाच्या खड्ड्यातलं गढूळ पाणी काढायला. मैल्यासाठी घनपदार्थ जाऊ देणारा सीवेज पंपच हवा, किंवा चिंध्यांचा त्रास फार असेल तर कटरचा. मोठा खर्च सिंकिंग फंडातून करायचा तर सर्वसाधारण सभेची मंजुरी घ्या.

९. गुरुवार

पुण्यात देखभालीसाठी वीज बंद ठेवायची ती बहुधा गुरुवारी. पिटमधली वरची मोकळी जागा किती वेळ पुरेल ते काढून ठेवा: ३ चौरस मीटरच्या पिटमध्ये १ मीटर जागा शिल्लक असेल तर ३,००० लिटर मावतात. सकाळी तासाला ३,००० लिटर येत असतील तर तुमच्याकडे एक तास आहे. लिफ्ट आणि पाण्याचा पंप जनरेटरवर घेतलेले असतात, ड्रेनेजचा पंप राहून जातो. यादी बघा. नसेल तर जोडून घ्या, आणि जनरेटरवरही पंप सरळ फिरतो ना ते तपासा. वीज बंद होण्याच्या आधी पिट रिकामा करून घेण्याची सवय वॉचमनला लावा.

१०. पावसाळा

मे महिन्यात पंप वर काढणं, पिटमधला गाळ टँकरनं उपसणं आणि चेंबरची झाकणं बसवणं उरकून घ्या. टँकरवाल्याकडून मैला कुठं रिकामा केला त्याची पावती मागा. जवळच्या नाल्यात सोडलेला मैला मुठेत जातो आणि चौकशी झाली तर पत्ता तुमच्या सोसायटीचा निघतो.

जोराच्या पावसात पंपाचे तास दुप्पट झाले तर पावसाचं पाणी ड्रेनेजमध्ये शिरतंय. टेरेसचे पाईप, पार्किंगच्या जाळ्या, फुटकी चेंबरची झाकणं या क्रमानं शोधा. बेसमेंटच्या रॅम्पचं पावसाचं पाणी याच पिटमध्ये सोडलेलं असेल तर ते वेगळं करा, त्याला स्वतःचा पिट आणि पंप हवा.

कधी कधी मात्र दोष तुमच्याकडे नसतो. रस्त्यावरची लाईनच भरून वाहत असते आणि तुमचा पंप भरलेल्या चेंबरमध्ये ढकलत राहतो. तेच पाणी गेटवरून परत आत येतं. २०१९ च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्याकाठी आणि २०२४ च्या जुलैत एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा सखल भागातल्यांनी हे पाहिलंय. पंप लावण्याआधी बाहेरचं चेंबर बघा. भरलेलं असेल तर पंप थांबवा, इमारतीत वापर कमी करायला सांगा आणि क्षेत्रीय कार्यालयाकडे फोटोसह तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. नदी-ओढ्याकाठी असाल तर पॅनल जमिनीपासून पुरेसं उंच आहे ना, हे पाऊस सुरू होण्याआधी बघायचं.

११. वरून येणाऱ्या गोष्टी

सॅनिटरी पॅड, डायपर, ओले वाइप्स, पोछ्याचे दोरे, केस, नारळाच्या शेंड्या. वाइप्सच्या पाकिटावर 'फ्लश करता येतात' लिहिलेलं असलं तरी ते पंपापर्यंत अखंड पोचतात. स्वयंपाकघरातून येतं ते तेल. दिवाळीच्या फराळाचं तळणीचं उरलेलं तेल सिंकमध्ये गेलं की पिटवर पांढरट साय धरते आणि फ्लोट त्यात रुततात. नोटीस दिवाळीच्या आधी लावा, नंतर नाही. गणपतीत आणि लग्नसराईत क्लब हाऊस भाड्यानं दिलं असेल तर केटररला खरकटं ड्रेनेजमध्ये धुऊ देऊ नका; भाड्याच्या अटींतच घाला.

एखादी विंग पुन्हा पुन्हा तुंबवत असेल तर जाळीची बादली त्या विंगच्या शेवटच्या चेंबरमध्ये लावा. आठवडाभरात कोणाची लाईन ते कळतं. नाव मात्र मीटिंगमध्ये घेऊ नका, घरी जाऊन बोला.

१२. एएमसी करताना

'वर्षभर देखभाल' एवढ्या शब्दांवर सही करू नका. करारात हे लिहून घ्या: वर्षातून किती वेळा पंप प्रत्यक्ष वर काढणार, दर वेळी अँपिअर, मेगर आणि तेलाची स्थिती लिहून देणार, बिघाड कळवल्यावर किती तासांत येणार, रविवारी आणि सणाच्या दिवशी सुद्धा, पंप दुरुस्तीला नेला तर तोवर दुसरा पंप कोण देणार, सुटे भाग कोणाच्या खर्चानं, कोणत्याही कामगाराला पिटमध्ये उतरवणार नाही, कामगारांचा विमा.

दर खूपच कमी आला तर विचारा की पंप वर काढायला ट्रायपॉड आणि चेन पुली त्यांची स्वतःची आहे का. नसेल तर ते वर काढणार नाहीत, झाकण उघडून टॉर्च मारतील आणि 'ओके' लिहून जातील. पैसे तिमाहीला द्या, आणि रीडिंगचा कागद हातात आल्यावरच.